हळदीच्या रंगाची गाठ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथे हात जोडते आणि भलतंच काहीतरी मागून परत येते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

पनवेलला एका सोनोग्राफी सेंटरवर मी काउंटर सांभाळते. पाणी प्या, लघवी दाबून धरा, हाक मारीन तेव्हाच या — दिवसभर हेच. तोंडाने फटकळ आहे मी. फटकळ माणूस खरंच बोलतो असं लोकांना वाटतं, नाही? मलाही वाटायचं.

मंदाताई माझी मोठी नणंद, आपट्याला राहायची. आमच्या आगरी लग्नात धवले म्हणणारी बाई लागते, धवलारीण. तिने गाणं धरल्याशिवाय हळद लागत नाही. ताई तशी होती. तिने सूर लावला की मांडवातली पोरं मोबाइल खिशात टाकायची. माझ्या थोरल्याचं लग्न ठरलं, पत्रिका वाटून झाल्या, आणि ताईच्या कुशीत दुखायला लागलं. म्हटलं, चला, ओळखीवर सोनोग्राफी करून टाकू.

डॉक्टर बाहेर येऊन हळूच म्हणाले, उजव्या किडनीत गाठ आहे, पांढरी चकचकीत दिसतेय. अशी साधी चरबीची गाठही असते, पण मला ही बरी वाटत नाही, ताबडतोब सीटी करून घ्या. पडद्याआड ताई साडी नेसत गुणगुणत होती.

आणि मी — कसं सांगू — पडदा सारला आणि म्हणाले, "चरबीची गाठ आहे, ताई. काही नाही."

ताई हसली. "चरबी व्हय? भावाच्या घरचं खाल्लंय, दुसरं काय!"

का बोलले तसं? लग्न पुढे गेलं असतं. व्याही काय म्हणाले असते? धवले कोणी म्हटले असते? एवढंच होतं हो डोक्यात. रिपोर्ट इंग्रजीत, तो मीच ठेवून घेतला.

हळदीला ताई गायली. आधी भाच्याला हळद लावली, मग उरलेली माझ्या गालांना घसाघसा फासली. सगळे नाचत होते आणि मी तिच्या कुशीकडे बघत होते. मला वाटलं, तिकडूनही कोणीतरी माझ्याकडे बघतंय. भास असेल. पण मी पदर ओढून जागा बदलली.

इथवरच थांबलं असतं तर — नाही, तरीही नाही. लग्न झालं, सून घरात आली, तेव्हा सांगता आलं असतं की. पण मग मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी गप्प बसले. दुखतंय म्हणाली की वर मीच दटावायची, तेलकट कमी खा. ती बिचारी कमी खायची. पुढे लघवीतून रक्त गेलं, तेव्हा कुठे धावाधाव.

ऑपरेशनमध्ये काढलेली किडनी डब्यात घालून नातेवाइकांच्याच हाती देतात, लॅबमध्ये पोचवायला. तिथे मीच होते. डबा कोमट होता. पिशवीत घालून रिक्षात मांडीवर घेतला. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पेशंटचं जेवण का?" मी हो म्हटलं. खड्डा आला की आत काहीतरी डब्याला हळूच टेकायचं, आणि मी डबा बाहेरून घट्ट धरायची.

लॅबचे डॉक्टर ओळखीचे. त्यांनी गाठ कापून दाखवली. आत पिवळीधमक, ओल्या हळदीसारखी. म्हणाले, ही चरबी. या कॅन्सरच्या पेशी चरबी धड जाळत नाहीत, थेंब थेंब आत साठवत राहतात, आणि त्या साठ्यावर तग धरून वाढतात. मी मान हलवली. गाल एकदम हुळहुळले.

रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा त्यांनी भिंगाखालची काचही दाखवली. काच तयार करताना औषधांत चरबी विरघळून जाते. राहतात त्या नुसत्या रिकाम्या, पांढऱ्या खोल्या, एकीला एक लागून. खूप वेळ बघत बसले. आत कोणीच नव्हतं.

तोवर कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. शेवटी ताई आमच्याकडेच होती. एका दुपारी माझा हात धरून सुनेला कौतुकाने सांगायला लागली, "हिनं पयलंच सांगितलं व्हतं, चरबी हाय म्हणून. गाठीत चरबीच निघाली, डॉक्टर आता तेच बोलतान. वयनीला सगलं कलतं."

सून माझ्याकडे आदराने बघत होती. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? ताई जिवंत होती. ऐकत होती.

मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "हो ना, ताई."

परवा धाकट्याची हळद झाली. धवले दुसऱ्या बाईने म्हटले. ताईने जाण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझ्या वाटची हलद वयनीनंच लावायची. सुनेने वाटी आणून दिली. मी हातात घेतली. कोमट होती.