झेंडा दिसेपर्यंत

आमच्या नवीन पनवेलच्या बाल्कनीत दोन गोष्टी साठतात. सुनेच्या बुटांवरून गळलेला लाल चिखल आणि किस्से. चिखल मी सोमवारी पूजेआधी झाडून टाकते. किस्से झाडून जात नाहीत. भिशीला गेले की बायका पोह्यांच्या आधी विचारतात, "काय गं, या आठवड्यात कोण पडलं?"

तर आधी मंडळींची ओळख करून देते. माझी सून गौरी शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी मोटारसायकलच्या शर्यतीची तयारी करते. त्या टीव्हीवरच्या अजस्र गाड्या नव्हेत. आपला दूधवाला चालवतो तेवढ्याच, लहान इंजिनाच्या, पण मातीत, खड्ड्यांत आणि दगडधोंड्यांत पळवायच्या. तिला शिकवणारे सावंत सर. एके काळी स्वतः शर्यती गाजवलेले, हाडकुळे, शब्द मोजून वापरणारे. आणि तिच्याबरोबर शिकणारे जगदीश म्हात्रे. मूळचे उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. आता त्यांचे ट्रेलर न्हावा शेव्याला लागतात. सुकापूरच्या मागे त्यांची थोडी जमीन आहे, तिथेच हा सगळा सराव चालतो.

मी करंजाच्या झाडाखाली जपमाळ आणि डबा घेऊन बसते. जपमाळ माझी, डबा सगळ्यांचा.

* * *

सुरुवात झाली ती गेल्या वर्षीच्या शर्यतीपासून. खोपोलीकडच्या माळावर हौशी लोकांची शर्यत होती. माझ्या नातीच्या, इराच्या जन्मानंतर गौरी पहिल्यांदाच उतरत होती. छान चालली होती पोर. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या आणि तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातांचे अक्षरशः दगड झाले. बोटं क्लच ओढीनात. तिनं गाडी बाजूला घेतली आणि मार्गाच्या दोरीपलीकडे येऊन बसली.

घरी येऊन जेवायला बसली तर चमचा धरवेना. मी भरवायला लागले, तर दुसऱ्या घासाला म्हणाली, "आई, झेंडा नाही हो दिसला."

शर्यत संपताना काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा हलवतात. तो ज्याला दिसला, त्यानं शर्यत पुरी केली. पहिला नंबर तिला नकोच होता. तो झेंडा हवा होता.

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी देवापुढे मोठ्यानंच बोलून गेले, गौरीला झेंडा दिसेपर्यंत मी चहा घेणार नाही. माझी व्रतं घरात सगळ्यांना पाठ आहेत, सोळा सोमवार काय, संकष्ट्या काय. पण हे नवसाचं बोलणं कुणाला सांगायचं नसतं. घरात मी सांगितलं, "पित्त वाढलंय, चहा बंद."

आमच्या ह्यांनी मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून भाजी आणली. तिसऱ्या दिवशी माझ्या पायांना तेल लावू का, असं विचारलं. चौथ्या दिवशी अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू चहा सोडलास म्हणजे डॉक्टरनं काहीतरी मोठंच सांगितलंय. माझ्यापासून लपवू नकोस."

* * *

म्हात्र्यांचा देह भरदार. लहान गाडीवर ते बसले की गाडी दिसेनाशी होते. सावंत सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जगदीश, वजन कमी करा."

पुढच्या रविवारी म्हात्रे उत्साहात आले. हलका सायलेन्सर, हलकं हँडल, आरसे काढलेले, मडगार्ड कापलेलं. "सर, उचलून बगा. पिसावानी झाली."

सरांनी गाडी उचलून बघितली. मग म्हात्र्यांकडे बघितलं. "गाडीचं नव्हतो म्हणालो."

म्हात्र्यांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सर, त्यात एक अडचण हाय. सायलेन्सरला भूक नाय लागत."

पण खरं सांगते, त्या माणसानं नंतर जे केलं त्याला तोड नाही. पहाटे ट्रेलर रवाना केले की खांद्यावर टायर घेऊन आपल्याच जमिनीला फेऱ्या मारायचा. गावातली माणसं विचारायची, "जगदीश, पंक्चर झालं का रं?" हा रोज तितक्याच शांतपणे सांगायचा, "हां, मीच झालोय."

* * *

गौरीच्या हातांसाठी सरांनी ओला टॉवेल पिळायचा व्यायाम दिला. मी म्हटलं, टॉवेल कशाला, दिवाळीची साफसफाई आलीच आहे. मी चादरी काढल्या. मग पडदे. मग सोलापुरी चादरी, ज्या ओल्या झाल्या की दोघांना आटोपत नाहीत. गौरी एकटी पिळायची. सुरुवातीला पाणी ठिबकायचं. महिन्याभरानं तिनं पिळलेली चादर दोरीवर न टाकता सरळ इस्त्रीच करावी, असं वाटायचं.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला किती वेळ? समोरच्या पाठारेवहिनी गोधडी घेऊन दारात. "गौरी, तुझ्या प्रॅक्टिसला हातभार म्हणून आणली हो." दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून दोन. आमच्या मोरीत गोधड्यांची रांग लागली. गौरी एकीलाही नाही म्हणाली नाही.

शेवटी आमच्या निखिलनं, म्हणजे माझ्या मुलानं, विचारलं, "वहिनी, तुमच्या मशीनला काय झालंय?"

पाठारेवहिनी म्हणाल्या, "काही नाही रे. पण मशीनला शर्यत कुठे जिंकायची आहे?"

* * *

सरांचं दुसरं म्हणणं असं, की गाडी हातांनी धरायचीच नाही. गुडघ्यांनी आवळायची. हात मोकळे राहिले तरच शेवटपर्यंत टिकतात. त्यासाठी गाडीच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर अर्धवट उभं राहायची सवय हवी, ना बसलेलं ना उभं. गौरीला वेगळा वेळ कुठला? ती स्वयंपाक करताना तशी उभी राहायची. अर्ध्या बैठकीत पिठलं ढवळायची, अर्ध्या बैठकीत कणीक मळायची. इराला यात फार मजा. ती पाठीवर चढायची आणि "अजून खाली, आई, अजून" म्हणून हुकूम सोडायची.

पुण्याहून माझ्या मावससासूबाई आल्या होत्या. दोन दिवस त्या हॉलमधून स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे हो. एवढा त्रास सोसून हसतमुखानं राबते. पण मूळव्याध अंगावर काढू नये."

आठवड्यानं कुरिअरनं चूर्ण आलं. वर चिठ्ठी होती, रात्री कोमट पाण्याबरोबर.

गौरीनं फोन करून आभार मानले. म्हणाली, "आजी, बराच फरक आहे आता. पूर्वी पाच मिनिटंसुद्धा तशी उभी राहू शकत नव्हते." पुढच्या कुरिअरनं चूर्णाचा मोठा डबा आला.

* * *

एकदा मी सरांना विचारलं की शर्यतीच्या आधी पोटात काय असावं. सर सांगायला लागले, "रताळं. केळं. दाणे. खजूर. दही. तेलकट नको, मैदा तर अजिबात नको."

मी म्हटलं, "अहो सर, हा तर माझा उपासाचा फराळ झाला."

सर मालवणकडचे, मासळीशिवाय घास न उतरणारे. तेव्हा नुसतं "हं" म्हणाले. पण त्यानंतर दर महिन्याला त्यांचा मला फोन येतो. "काकू, संकष्टी कधी आहे? त्या दिवशी जादा प्रॅक्टिस लावतो."

* * *

आता म्हशीचा किस्सा. सरांचा एक नियम आहे. गाडी तिकडेच जाते, जिकडे आपण बघतो. दगडाकडे बघितलंत तर दगडावर जाल. वाटेकडे बघितलंत तर वाटेनं.

म्हात्र्यांना हे पटत नव्हतं. "हँडल मी वलवतो ना? मग गाडी डोल्यांचं कशाला ऐकंल?"

त्या दिवशी माळावर एक म्हैस चरत होती. एकच. बाकी अख्खा माळ रिकामा. म्हात्रे लांबून निघाले आणि आम्ही सगळे बघत असताना, जणू कुणी दोरीनं ओढल्यासारखे, सरळ त्या म्हशीवर गेले. म्हैस अनुभवी होती. ती एक पाऊल बाजूला झाली. म्हात्रे तिच्या मागच्या डबक्यात.

म्हैस त्यांच्या सख्ख्या आत्याची निघाली. आत्या काठी घेऊन आली. "अख्खा माल मोकला हाय, आनि तुला माजीच म्हस दिसली?"

डबक्यात बसूनच म्हात्रे म्हणाले, "आत्ये, दिसली म्हनून तर घोटाला झाला."

सरांनी फक्त विचारलं, "पटलं?"

* * *

गौरीची म्हैस म्हणजे एक दगड. म्हात्र्यांच्या जमिनीत एका वळणावर मोठा काळा दगड आहे. खोपोलीला तिनं गाडी बाजूला घेतली होती, तिथेही तसलाच एक होता. तेवढ्या वळणावर ती दर वेळी हात आवळायची. हात आवळले की दोन फेऱ्यांत दगड व्हायचे. चादरी पिळून कमावलेलं सगळं त्या एका वळणावर जायचं.

सरांनी तिला थांबवून विचारलं, "कुठे बघतेस?"

"दगडाकडे बघायचं नाही, असं स्वतःला सांगत असते."

"म्हणजे दगडाकडेच." सर वळून माझ्याकडे आले. "काकू, माळ नंतर ओढा. त्या वळणाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहा. छत्री उघडून. तिला बघायला काहीतरी बरं हवं."

मी गेले. जांभळी छत्री, हातात माळ. धुळीचा लोट आला, त्यातून गौरीचं हेल्मेट वर झालं, माझ्याकडे वळलं, आणि गाडी दगडाला वळसा घालून अशी सुंदर निघून गेली की माझा नामजप मध्येच राहिला. तेव्हापासून दर रविवारी माझी जागा तीच. उन्हात पाय दुखायचे, पण त्या क्षणी तिचं वर उठलेलं डोकं बघायला मी आणखी तासभरही उभी राहिले असते.

निखिल म्हणतो, "आई, जगातली ही पहिलीच सून असेल, जी सासू समोर दिसली की सरळ होते."

* * *

यंदाची शर्यत पुन्हा खोपोलीकडच्या त्याच माळावर होती. सकाळी म्हात्र्यांची झाली. ते शेवटून दुसरे आले आणि त्यांनी तिथेच पेढे वाटले.

दुपारी बायकांची. शेवटच्या वळणापलीकडे, जिथे तो गेल्या वर्षीचा दगड आहे आणि जिथून झेंड्याची जागा हाकेवर आहे, तिथे मी छत्री घेऊन उभी राहिले. झेंडेवाले गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मिशा पांढऱ्या, चेहरा कडक. मला बघून उठून आले. "गौरी मॅडमच्या सासूबाई तुम्हीच का?" मी हो म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि परत जाऊन बसले. मला वाटलं, इथे उभं राहायला मनाई असेल.

गौरी सुरेख चालवत होती. दर फेरीला हेल्मेट वर व्हायचं, छत्रीकडे बघायचं, पुढे जायचं. आणि दोन फेऱ्या राहिल्या असताना तिच्या पुढची मुलगी पडली. तिला चुकवताना गौरीही आडवी झाली. उठून गाडी सुरू करताना तिनं लाथेवर लाथ मारली. ती निघेपर्यंत बाकीच्या सगळ्या पुढे गेल्या.

माझ्यासमोरून गेली तेव्हा मला तिचे हात दिसले. कोपर ताठ. सर माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "क्लच सोडलाय तिनं. बोटं चालत नाहीयेत."

"मग?"

"आहे त्याच गियरमध्ये आणायची. थांबली तर संपलं."

बाकीच्यांना झेंडा दाखवून झाला. इंजिनं बंद झाली. लोक पाण्याच्या बाटल्या उघडायला लागले. झेंडेवाले खुर्चीत बसले. माळावर एकाच गाडीचा आवाज राहिला, एकाच सुरात रडल्यासारखा. म्हात्रे दोरीच्या अलीकडून तिच्याबरोबर धावत होते. त्या देहानिशी, दगडाधोंड्यांतून. "वैनी, गुडगं! हात सोड, गुडग्यानी धर!"

मी छत्री जितकी उंच जाईल तितकी उंच धरली. जप सुचत नव्हता. वळणावर गाडी डगमगली, दगडाच्या बाजूला झुकली, आणि मग हेल्मेट वर झालं.

झेंडेवाले उठून उभे राहिले. पहिल्या आलेल्या मुलीसाठी हलवला होता, त्याहून जोरात त्यांनी तो झेंडा हलवला.

मी धावत पोचले तेव्हा गाडी बंद पडली होती आणि गौरी तिच्यावरच बसून होती. हँडलवरची बोटं सुटत नव्हती. सर एकेक बोट सोडवत होते. ती हसत होती की रडत होती, हेल्मेटमुळे कळत नव्हतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेवढ्यात मागून झेंडेवाल्यांनी हाक मारली. त्यांनी खुर्चीखाली हात घालून इराचा दुधाचा लहान थर्मास काढला आणि माझ्या हातात दिला.

"मॅडमनी सकाळीच देऊन ठेवला होता. म्हणाल्या, मला झेंडा दाखवला की सासूबाईंना द्या. त्याआधी त्यांनी मागितला तरी द्यायचा नाही."

मी झाकण उघडलं. आलं घातलेलं होतं. गवती चहाही.