नाव वर ठेवायचा खर्च

ताई चिडली की आधी तिच्या तोंडातले खिळे बाहेर येतात. एरवी खुर्चीला कापड ठोकताना चार-पाच बारीक खिळे ती ओठांत धरते आणि त्यांच्या आडूनच कामगारांना सूचना देते. कामगारांना ते सगळं बरोबर समजतं. पण खिळे वाटीत पडायला लागले की जो तो आपल्या कामात डोकं खुपसतो. त्या दिवशी सकाळी तिने सगळे खिळे एकदम थुंकले, हातोडी आपटली आणि म्हणाली, "मी त्या जाहिरातवालीकडे जाऊन येते. आज सोक्षमोक्षच लावते."

ताई सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करते. मागच्या गल्लीत तिचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं, एक लांबट खोली. एका भिंतीला सोफ्यांचे उघडे सांगाडे, दुसरीला कापडाचे तागे, मधे शिलाई मशीन, आणि सगळीकडे फोमचा असा बारीक चुरा की घरी जाऊन केस झटकले तरी उशीवर उतरतो. कामगार तीन. त्यातले दोघे तिच्यापेक्षा वयाने मोठे, तेही तिला ताईच म्हणतात.

काम चोख, पण गल्ली मागची. तिथे वाट चुकल्याशिवाय कोणी येत नाही. आणि मोठ्या रस्त्यावरच्या फर्निचरच्या शोरूमवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. तो महिनाभर तिच्या मागे लागला होता. तुमची बाहेरची गिऱ्हाइकं बंद करा, फक्त आमचं काम करा, माल आमच्या नावाने जाईल. मजुरी जवळजवळ निम्मी, पण काम रोजचं. त्याचा माणूस त्याच संध्याकाळी कागद घेऊन सहीला येणार होता. स्वतःची गिऱ्हाइकं आली नाहीत तर सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण कामगारांची पोटं काही कोणाच्या नावावर भरत नाहीत.

म्हणून तर जाहिरातीचा घाट घातला. आणि या धंद्यात, मी सांगतो, जितके प्रामाणिक तितकेच भामटे. पहिला आला तो वहिनीचा भाऊ. घरातलाच म्हणून स्वस्तात. नव्या कापडाच्या एका उशीइतक्या पैशांत त्याने ताईच्या फेसबुकवरच्या पानाला दहा हजार चाहते मिळवून दिले. ताईने पेढीवर बसल्यासारखं तोंड करून दोन दिवस ते आकडे पाहिले. मग लक्षात आलं की हे चाहते कुठल्या कुठल्या देशांतले, आणि त्यातला एकही आपली मोडकी खुर्ची घेऊन समुद्र ओलांडून येणार नाही. विचारायला गेली तर वहिनी रुसली. दुसरा आला तो पॅकेजवाला. चांदीचं पॅकेज, सोन्याचं पॅकेज, 'पहिल्या नंबरची हमी'. त्याने वर्षाचे पैसे आगाऊ घेतले, रोज सकाळी फुलांच्या चित्रावर 'शुभ सकाळ' टाकलं आणि तिसऱ्या महिन्यात फोन उचलणं बंद केलं. चांगल्या तीनसीटी सोफ्याची मजुरी होती ती, सांगाड्यापासून नव्याने बांधलेल्या सोफ्याची.

तिसरी ही जाहिरातवाली. झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत बसायची. हिने हमी वगैरे काही दिली नाही, उलट पहिल्याच दिवशी ताईला नको ते ऐकवलं. माझी फी वेगळी आणि जाहिरातीचे पैसे वेगळे, म्हणाली. फी माझ्या कामाची, दर महिन्याला, ती माझ्याकडे. दुसरे पैसे थेट जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला जातात, त्यातला एक पैसा माझ्या खिशात येत नाही, आणि त्याचा हिशोब तुमच्याच नावाच्या खात्यात राहील, म्हणजे उद्या मला काढलंत तरी सगळं तुमच्याकडे. कोणी मोबाइलवर 'सोफा दुरुस्ती' शोधलं की तुमचं नाव सगळ्यात वर दिसेल. त्यावर कोणी दाबलं की दर वेळी थोडे पैसे कापले जातील. दिवसाचे ठरवलेले पैसे संपले की नाव त्या दिवसापुरतं गायब. निदान तीन महिने द्या, त्याआधी काही कळत नाही. आणि तुम्ही स्वतः दाबू नका, तुमच्या माणसांनाही सांगा.

ताईने घासाघीस केली. नुसतं खुर्चीत बसून बटणं तर दाबायची, त्याचे एवढे? जाहिरातवाली शांतपणे म्हणाली की तुम्हीही नुसतं कापडच तर बदलता. हे ताईला असं झोंबलं की तिने मुकाट्याने फी कबूल केली, कारण हेच वाक्य ऐकवणाऱ्या गिऱ्हाइकांना ती दाराबाहेर काढते. परतल्यावर तिने कामगारांना ताकीद दिली. घरी सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. घरात तिच्या धंद्याचा विषयच निघत नसे.

त्याला कारण नाना. नाना म्हणजे तिचे वडील, जन्मभर कचेरीत फाइलींवर शेरे मारून निवृत्त झालेले. मुलगी शिक्षिका होईल असं त्यांनी दहा लोकांना सांगून ठेवलेलं, आणि ती हातोडी घेऊन लोकांच्या बसायच्या जागा ठोकायला लागली. "पोरीच्या हाती खुर्ची कोण देणार?" एवढं एकच वाक्य ते बोलले होते. त्यानंतर त्यांचं मौन सुरू झालं ते आजतागायत. भांडण नाही, अबोला नाही. जेवताना हवापाणी, औषधं, शेजारच्यांची भिंत, सगळ्यावर बोलत. कारखान्यावर चकार शब्द नाही. कारखान्याची पायरी ते कधी चढले नव्हते.

आता दोन महिने झाले होते. पैसे रोज कापले जात होते आणि फोन काही येत नव्हता. आला तर आठवड्यातून एखादा. जाहिरातवालीने दोनदा सांगितलं की लोक दाबतायत, पण बोलत नाहीत. सकाळी कारखाना उघडायच्या आतच दिवसाचे पैसे संपतायत. काहीतरी गडबड आहे, आपण वेळ बदलून बघू. ताईने ते उडवून लावलं. हिला आणखी पैसे काढायचेत, तिने मनाशी धरलं. दोनदा तोंड पोळलेल्या माणसाला तिसऱ्याचं खरंही खोटंच वाटतं, आणि ताईने तर नंतर त्या मुलीचे फोन घेणंच सोडलं. इतकं करून वर तीच चिडलेली.

कारखान्यातून तरातरा निघाली तर कोपऱ्यावर नाना उभे. सकाळी घरून निघताना फोनवर कामगाराशी बोलताना जाहिरातीच्या पैशांवरून तिचा आवाज चढला होता, तो त्यांनी ऐकला असणार. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. "मी येतो," म्हणाले. "अशा लोकांशी बोलायला दोन माणसं असलेली बरी." ताई चकित झाली, पण विचार करायला सवड कोणाला होती? म्हणाली, चला.

जाहिरातवालीच्या खोलीत दोन टेबलं, एक पंखा आणि खालच्या झेरॉक्स यंत्राची सततची घरघर. ताईने बसायचंही नाकारलं. उभ्यानेच तिची खरडपट्टी काढली. दोन महिन्यांत काय केलंस, माझ्या घामाचे पैसे आहेत, आज संध्याकाळी मला माझं नाव विकावं लागणार ते तुझ्यामुळे, वगैरे वगैरे. ती मुलगी आधी ऐकत राहिली, मग तीही भडकली. तुम्ही फोन घेत नाही, सांगितलेलं ऐकत नाही आणि खापर माझ्यावर? माझं काम नाव लोकांसमोर नेणं. ते समोर जातंय. दाबणारे दाबतायत. ते कोण आहेत हे शोधू देत नाही तुम्ही.

"कोणी दाबत नाही," ताई म्हणाली. "सगळी थाप आहे."

आणि इथे नाना मधे पडले. मुलीची बाजू घ्यायला आले होते बिचारे, ती घेतली.

"थाप नाही, दाबतात लोक," ते म्हणाले. "मी स्वतः दाबतो ना. रोज सकाळी, फिरून आलो की."

ताई वळली.

"मी एकटा नाही," नानांना वाटलं पुरावा कमी पडतोय. "आमच्या बागेतल्या बाकावरची सगळी मंडळी दाबतात. मी सांगितलंय सगळ्यांना. दोन-दोन तीन-तीनदा दाबतात. नाव वर राहायला पाहिजे म्हणून. नाहीतर नऊच्या सुमाराला जातं ते खाली, मी पाहिलंय. तक्रार असेल तर ती याची करा, की आम्ही एवढं दाबूनही ते टिकत का नाही."

जाहिरातवालीने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि अगदी हळू आवाजात नानांना समजावलं की प्रत्येक दाबण्याला तुमच्या मुलीचे पैसे जातात आणि नऊ वाजता नाव जातं ते त्यामुळेच. ज्याचा सोफा मोडलाय तो दहा वाजता शोधतो, तेव्हा तिथे हिचं नावच नसतं. थोडेफार परत मागता येतील, अर्ज करते, पण सगळे नाही मिळणार. नानांनी तिच्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि मोबाइल शर्टच्या खिशात घातला. मतपेटीत जितकी मतं टाकू तितकं माणूस वर, असाच हिशोब होता त्यांचा. कचेरीतल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

ताईने पुढच्या महिन्याची फी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली. माफी मागायला हवी होती. पण तोंड उघडलं असतं तर भलतंच काहीतरी निघालं असतं.

रस्त्यावर ती पुढे, नाना मागे. छत्री दुरुस्तीच्या दुकानापाशी ती थांबली आणि मग जे बोलली ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ऐकलं. नानांना बागेतली म्हातारी मंडळी कुठून सुचली? नाना म्हणाले, त्यांच्यातल्याच एकाची खुर्ची मोडली होती, त्याने मोबाइलवर शोधलं तर पहिलंच नाव तुझं. त्याने मला दाखवलं. मग मी बाकीच्यांना दाखवलं.

"सगळ्या बाकाला दाखवलंत," ताई म्हणाली. रागाने तिचा आवाज फाटला होता. "मला एकदा तोंडाने म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? फुकट होतं ते, नाना. त्याला पैसे पडले नसते."

नाना पायातल्या चपलांकडे बघत राहिले. "तुझ्यासमोर जीभ वळत नाही," म्हणाले.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आल्याचा तिला आणखी राग आला. माणूस इतकी वर्षं आपल्याला पाण्यात पाहतो असं धरून आपण कातडं जाड करायचं, आणि तो बागेत बसून आपल्या नावाचा जयजयकार करतोय, तोही आपल्याच पैशांनी! याला काय म्हणायचं? ती तडक चालायला लागली. नाना मागोमाग आले. गल्लीच्या कोपऱ्यावर ते थांबतील असं तिला वाटलं होतं. थांबले नाहीत.

कारखान्यात शोरूमवाल्याचा माणूस वेळेआधीच येऊन बसला होता, नेमका एका तयार झालेल्या खुर्चीत. कागद मांडीवर. नाना दिसताच त्याने त्यांच्याशीच बोलायला सुरुवात केली, पांढरे केस बघून. काका, तुम्ही समजावा ताईंना. या गल्लीत यांना ओळखतं कोण? आमचं नाव लागलं की डोक्याला ताप नाही.

ताई थांबली. तिला खरंच वाटलं की आता तरी नाना काही बोलतील. नाना उंबऱ्यात उभे होते, भिंतीलगतचे सांगाडे बघत. बोलले नाहीत.

तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या माणसावर, नानांवर, स्वतःवर, सगळ्यांवर एकदम. "उठा," ती त्या माणसाला म्हणाली. "ती खुर्ची गिऱ्हाइकाची आहे. सही होणार नाही. माझा तिसरा महिना बाकी आहे, तो मी भरलाय." तो हसला, महिन्याभराने तुम्हीच याल म्हणाला. येईनही कदाचित, ताईने उत्तर दिलं, तेव्हाचं तेव्हा. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या महिन्यात फोन येतील याची खात्री कोणालाच नव्हती, तिला तर नव्हतीच.

माणूस गेला. ताई नानांकडे वळली. "आणि तुम्ही उद्यापासून दाबायचं नाही. तुमच्या बाकालाही सांगा. बघायचं असेल तर इथे येऊन बघत जा."

नाना आत आले. त्या माणसाने रिकामी केलेल्या खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. वाकून, चष्मा वर करून, हाताच्या टेकणावरून अंगठा फिरवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्वी फाइलीतली ओळ तपासत असत तसे.

"ही शिवण कोणाची?"

"माझी."

नानांनी अंगठा पुन्हा एकदा फिरवला. "सरळ आहे," म्हणाले.

ताईने वाटीतले खिळे उचलून ओठांत धरले, म्हणजे बोलावं लागणार नाही. एवढे दोन शब्द ऐकायला तिला दोन महिन्यांच्या जाहिरातीचे पैसे पडले होते. फार झाले, ती मनाशी म्हणाली, आणि हातोडी घेतली.