शेंदराखालची मगर

हाडूकनाना दगड चाटून बघायचे. सिंदफणेच्या काठी वाकायचे, एखादा तुकडा धोतराला पुसायचे आणि जिभेला लावायचे. "चिकटलं तर हाडूक, न्हाई तर दगड." गाव हसायचं. मी बीडच्या कॉलेजात शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. तिथं कळलं की हे खरंच शास्त्र आहे. जुन्या हाडाचा दगड झाला तरी बारीक छिद्रं उरतात, ती जीभ धरून ठेवतात. मी हे पारावर सांगितलं, तर लोक आम्हा दोघांना हसले.

नाना विहिरी खोदणारे. जन्म जमिनीखाली गेलेला. कोणत्या थराखाली काय लागेल ते त्यांना पाठ. सापडलेलं हाड मात्र कधी घरी नेत नसत. भोवती गोटे मांडून तिथंच ठेवत. मी एकदा हत्तीची दाढ उचलली, तर हातावर फटका बसला. "ठेव खाली! जाग्यावरनं हाललं की मुकं व्हतंय ते. मंग कुणाला इचारशील, कवाचं हायस म्हणून?" माझ्या एकाही प्राध्यापकानं मला हे इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात दरडीत मगर निघाली. दगड झालेला जबडा आणि त्यामागं ओळीनं मणके. नाना तिच्यापुढं उकिडवे बसून राहिले. "झोपल्यावानी हाय बघ. जाणती माणसं येऊस्तोवर हिला हात लावायचा न्हाई."

मी पुण्याला, जुन्या हाडांच्या अभ्यासकांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर येण्याआधी वाळू उपसणारं यंत्र आलं. तहसील कचेरीत गेले, तर साहेब म्हणाले, "बाई, मेलेल्या मगरीची तक्रार कोणत्या टेबलावर घेऊ?" आणि चहा मागवला. स्वतःसाठी.

तेव्हा मला शक्कल सुचली. जबड्याला शेंदूर फासायचा. देवाला कोण हात लावतो? नाना भडकले. "देव केला की बघणं संपलं, पोरी. मंग निस्ते हात जोडायचे."

मी ऐकलं नाही. शिकलेली होते ना! पहाटे जाऊन शेंदूर लावला. यंत्रावरचा ड्रायव्हर खाली उतरला, चप्पल काढून पाया पडला आणि यंत्र मागं घेऊन गेला. दिवसभर मी स्वतःवर खूश होते.

महिन्याभरात तिथं नारळाच्या करवंट्यांचा ढीग पडला. पुढाऱ्यांना स्वयंभू देव मिळाला आणि निवडणूक तोंडावर. ओट्यासाठी सिमेंट कालवलं गेलं. नाना मणक्यांपुढं जाऊन बसले. "आरं, नका वतू रं, खाली मगर हाय!"

"नाना, देवाला ऊनपाऊस लागतंय. तुमचं वय झालं, सावलीला बसा," पुढारी हसत म्हणाले. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उचललं.

मी गर्दीत होते. एक वाक्य पुरलं असतं: शेंदूर मी लावलाय. तोंड उघडलंही. नानांनी माझ्याकडं बघून 'नको' अशी मान हलवली. नंतर म्हणाले, "तुला फोडून काढलं आसतं त्यांनी." मगर वाचवायला बसलेला माणूस मला वाचवून उठला. आणि मी, गावातली हुशार पोरगी, गप्प राहिले.

पुण्याची माणसं आली तेव्हा ओटा फोडायला कुणी तयार नव्हतं. भावना दुखावतात म्हणे. नानांच्या दुखावल्या त्या भावना नव्हत्या! पाहुण्यांनी फरशीचे फोटो काढले आणि गेले.

नाना गेल्या वर्षी वारले. ओट्यावर फलक लागला: 'देव शोधणाऱ्या नानांना श्रद्धांजली'. तो वाचला आणि माझं डोकं फिरलं. भर आरतीत पुढं झाले. "हा देव नाही, मगर आहे. शेंदूर मी लावला. वडवणीच्या बाजारातून आणला होता."

टाळ थांबले. कुणीतरी म्हणालं, "नानाचं याड हिला लागलं की."

लागलं. मी ओट्याखालच्या दरडीत उतरले. शेपटीचा शेवटचा मणका सिमेंटातून सुटलाय, अजून उघडा आहे. सगळ्यांदेखत त्याला जीभ लावली. चिकटली.

मग भोवती गोटे मांडले.