पोळ्याची गाडी

आमच्या शेजारचे काका आपली जुनी, छोटी कार स्वतःच दुरुस्त करतात. तिच्याखाली आडवे होऊन तिच्याशीच बोलत राहतात, "थांब वं माय, झालंच." प्रत्येक दुरुस्तीनंतर एखादा नट उरतोच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळत होते, तेव्हा काकांनी गाडीला ग्रीस चोळलं आणि बैलांना देतात तसं बॉनेटपाशी वाकून तिलाही आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

महिनाभर बंद पडलेली गाडी पोळ्याच्या सकाळी पहिल्याच चावीला सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. महागावला माहेरी जायचं म्हणून काकू नवी साडी नेसून आत बसल्या. काकांनी झटकन गाडी बंद केली.

"आता काहून बंद केली?"

"पोळ्याच्या दिवशी जुपते का कोणी?"

काकूंनी कपाळावर हात मारला. मग उतरून त्याच हातानं बॉनेटला कुंकू लावलं आणि दोघं एसटीनं गेले.