नदीची तब्येत पाहणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतक्या नदीच्या चौकश्या करणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल. मुलीसाठी स्थळ बघणारा बापही इतक्या चौकश्या करत नाही, आणि मामांनी स्वतःच्या मुलीच्या वेळी तर त्या केल्याच नाहीत. तिने एका स्कॉटिश मुलाला घरी आणलं तेव्हा मामांनी त्याला एवढंच विचारलं म्हणे, की तुमच्याकडे गेल्या आठवड्यात पाऊस कितपत झाला. त्याने नीट, सविस्तर उत्तर दिलं आणि लग्न ठरलं.

मामा साउथहॅम्प्टनला एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. पुण्याहून तरुणपणी आले आणि त्याच हॉस्पिटलातून निवृत्त झाले. बरोबरच्या कुठल्याशा इंग्रज सर्जनने त्यांना एका रविवारी इचन नदीवर ट्राउट मासे धरायला नेलं, आणि ते खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. गंमत म्हणजे मामा पक्के शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे अजूनही विचारून घेतात. पिसं आणि रेशमाचा दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, ती लांबच लांब दोरीच्या टोकाला बांधून पाण्यावर अलगद उतरवायची, फसलेला ट्राउट जवळ ओढायचा, त्याच्याकडे माफी मागितल्यासारखं बघायचं आणि त्याला सोडून द्यायचं, एवढाच त्यांचा खेळ. मामी पडल्या वेंगुर्ल्याच्या. त्यांच्या माहेरी माशाशिवाय पान वाढलं तर घरात कोणी आजारी आहे का असं शेजारी विचारायचे. हातात आलेला मासा परत पाण्यात सोडणाऱ्या माणसाबरोबर आपण जन्म काढला, हे त्यांना आजही पूर्ण पटलेलं नाही. "डॉक्टर नवरा मिळाला एवढंच मी माहेरी कळवलं," त्या म्हणतात, "पुढचं कोणाला सांगितलं नाही."

पण मासे धरणं हा या छंदाचा शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग. खरा छंद म्हणजे आज नदीवर जावं की न जावं हे ठरवणं. त्याची सुरुवात मंगळवार-बुधवारीच होते. मागच्या अंगणात मुरंब्याच्या बरणीला पट्ट्या चिकटवून केलेलं पाऊस मोजायचं यंत्र आहे, ते सकाळ-संध्याकाळ बघायचं. सरकारी वेबसाइटवर नदीची पातळी दाखवणारी रेघ असते, ती नाश्त्याच्या टेबलावर ईसीजी वाचावा तशी वाचायची. वाऱ्याची दिशा बघायला मामींच्या वाळत घातलेल्या साड्या. गुरुवारी नदीच्या राखणदाराला फोन. हा राखणदार मोजकं बोलणारा, भल्या मनाचा इंग्रज माणूस. हॅम्पशरमधल्या या नद्या खडूच्या टेकड्यांतून झिरपून येतात, त्यामुळे फारशा चढत नाहीत, फारशा उतरत नाहीत, बारा महिने शहाण्यासारख्या वाहतात, हे तो मामांना वर्षानुवर्षं समजावत आलाय. मामा ऐकून घेतात आणि विचारतात, "बरोबर आहे, पण आज ती कशी आहे?"

मामांच्या बोलण्यात नदी नेहमी 'ती'. त्यावरून एकदा फारच गोंधळ झाला. मामींची एक मावसबहीण लेस्टरहून चार दिवस राहायला आली होती. तिने मामांना हॉलमध्ये फोनवर बोलताना ऐकलं. काल ती फार फुगली होती, आज सूज उतरतेय, पण रंग अजून सुधारलेला नाही, तिला दोन दिवस त्रास न दिलेला बरा, वगैरे. मावशींना वाटलं, मुलगी आजारी आहे आणि घरातले आपल्यापासून लपवताहेत. त्या बिचाऱ्या दोन दिवस मामींशी हळू आवाजात बोलत होत्या, सारखा चहा करून देत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी मामींचा हात हातात घेतला आणि विचारलं की डॉक्टर नक्की काय म्हणतात. मामी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात शनिवारी मासे मिळतील."

मी लग्नानंतर इथे आलो, हाउन्सलोला घर घेतलं आणि एअरपोर्टजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करू लागलो. नव्या जावयाला काहीतरी खास दाखवायचं म्हणून मामांनी मला नदीवर बोलावलं. शनिवारी उजाडायच्या आत उठून मी गाडी काढली आणि एम थ्री हायवेवरून गेलो. मामा पुलावर उभे होते. छातीपर्यंतची रबरी विजार, डोक्यावर टोपी, आणि हातात मात्र मासे धरायचा रॉड नाही, दोरीला बांधलेला थर्मामीटर. तो त्यांनी पाण्यात सोडला, वर काढला, माझ्या हातात दिला आणि त्यावरचा आकडा वाचून दाखवायला लावला. मग काठावर उतरून एक दगड उलटा केला, त्याच्या पोटाला चिकटलेले बारीक किडे बघितले आणि दगड होता तसा परत ठेवला. पुलाच्या कमानीखाली कोळिष्टकं असतात, त्यात रात्री कुठल्या जातीच्या माश्या अडकल्या हे बघितलं, कारण जी माशी जाळ्यात तीच माशांच्या पोटात आणि तशीच आपल्या गळाला हवी. मग पुलावरून एक पान टाकलं आणि पलीकडच्या बाजूला जाऊन ते बाहेर यायची वाट बघितली. नंतर कितीतरी वेळ नुसतेच पाण्याकडे बघत राहिले. मी थंडीने काकडत होतो. शेवटी मामांनी टोपी काढली आणि म्हणाले, "आज नाही."

आम्ही घरी गेलो आणि मामींनी केलेला उपमा खाल्ला. पुढच्या खेपेलाही उपमा, त्याच्या पुढच्या खेपेला थालीपीठ. प्रत्यक्ष मासेमारी बघायला मिळेपर्यंत मामींच्या हातचे नाश्त्याचे सगळे पदार्थ माझे खाऊन झाले होते. एकदा मी वैतागून विचारलं की एवढं काय बघायचं असतं, टाकायचा गळ आणि बघायचं. मामा रागावले नाहीत. ते म्हणाले, सर्जनला घाई असते, पेशंटला घाई असते, बाहेर बसलेल्या नातेवाइकांना तर फारच असते. भूल देणाऱ्या माणसाला घाई करून चालत नाही. आयुष्यभर त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून हेच केलं होतं. "समोरच्याची तयारी आहे का, हे आधी बघावं," म्हणाले, "मग हात लावावा." त्यानंतर मी ऑफिसातही जरा थांबून बोलायला लागलो, असं बायको म्हणते.

आणि ज्या दिवशी मामा हो म्हणायचे तो दिवस खरोखर तसाच असायचा. मे महिन्याच्या शेवटी मे-फ्लाय नावाच्या मोठ्या, पारदर्शक पंखांच्या माश्या नदीवर थव्याने उडतात आणि सगळे ट्राउट वेड लागल्यासारखे वर येतात. अशा संध्याकाळी मामा नदीत उभे राहिले की त्यांच्या दोरीचा आवाजसुद्धा येत नसे. मला कधी फारसं जमलं नाही, पण काठावर बसून ते बघणं पुरेसं होतं.

गेल्या वर्षी मात्र ते कधीच हो म्हणाले नाहीत. मामांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला होता. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली, गाडी चालवणं बंद झालं. मी दर शुक्रवारी फोन करून न्यायला येतो म्हणायचो आणि मामा सांगायचे, नको येऊस, ती बरी नाहीये. कधी पाणी फार कमी, कधी शेवाळ फार, कधी वारा पूर्वेचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मामांचं नाही म्हणणं मला सवयीचं होतं. सीझन असाच संपला.

या वर्षी मे महिन्यात मामींना बाजारात तो राखणदार भेटला. त्याने डॉक्टरांची चौकशी केली आणि म्हणाला की गेलं वर्षभर नदी जितकी सुंदर आहे तितकी त्याने क्वचितच पाहिलीय. डॉक्टर का येत नाहीत याचंच त्याला नवल वाटत होतं. मामींनी घरी येऊन मामांना काही विचारलं नाही. मला फोन केला. "अरे, नदीला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "यांनाच लाज वाटतेय. तू शनिवारी ये, आणि येतोयस हे त्यांना सांगू नकोस."

मी पोचलो तेव्हा मामी स्वतःच तयार होऊन बसल्या होत्या. पायात बूट, पिशवीत थर्मास, बगलेत घडीची खुर्ची. इतक्या वर्षांत त्या एकदाही नदीवर गेल्या नव्हत्या. मामांनी बरीच कारणं सांगून बघितली. मामी म्हणाल्या, मग पुलावर उभं राहून परत येऊ, तसंही तुम्ही बहुतेक वेळा तेच करता.

पुलावर मामांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. थर्मामीटर काढला नाही, पान टाकलं नाही. खूप वेळ तसेच उभे राहिले आणि मग म्हणाले, "आज नाही. पाणी गढूळ आहे."

खाली पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे मोजता आले असते. मामी कठड्याशी गेल्या, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, पाणी स्वच्छ आहे. तुम्हाला दिसत नाहीये. मला दिसतंय."

मला वाटलं, आता मामा वळून गाडीकडे चालू लागतील. पलीकडच्या कुरणात गाई चरत होत्या, मी उगीचच त्यांच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने मामांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "रंग कसा आहे?"

मामींनी विचार केला. म्हणाल्या, पुरणाचा कट असतो ना, तसा नाही. तांदळाच्या धुवणासारखाही नाही. पालक धुतला की शेवटच्या पाण्याला जेमतेम हिरवी झाक राहते, तसा. मामांनी मान हलवली. मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले. तुटलेलं शेवाळ वाहत येतंय का, पाणी पुलाच्या दगडावर कुठपर्यंत आहे, ओली रेघ त्याच्या वर दिसते का, माश्या उडताहेत का, पंख उभे की आडवे. मामी बाजारात पापलेटाचे कल्ले बघावेत तशा बारकाईने बघून उत्तरं देत होत्या, आणि उत्तरागणिक मामांची पाठ सरळ होत होती. शेवटी मामींनी आपणहून सांगितलं की त्या वाकलेल्या झाडाखाली पाण्यावर सारखी गोल वलयं उठताहेत. मामा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जावईबापू, गाडीतून रॉड आणता का?" तो मी जाळी आणि रबरी विजारीसकट हळूच डिकीत टाकून आणला होता, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

मामा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि मामी काठावर, खुर्ची न उघडताच. हात मामांचाच होता, त्याला डोळ्यांची फारशी गरज नव्हती. माशी कुठे पडली हे मामी सांगायच्या. जरा उजवीकडे, अजून जरा पुढे, आता बरोबर. मासा माशी ओढतो तो क्षण डोळ्यांनी टिपावा लागतो, त्यासाठी मामींनी "आता" म्हणायचं ठरलं. पहिल्यांदा त्यांनी लवकर म्हटलं, मग उशिरा, मग घाबरून म्हटलंच नाही. दोघांचं थोडं भांडणही झालं. मामा म्हणाले वलय नाही, तोंड बघ. मामी म्हणाल्या, तोंड मी आयुष्यभर बघत आलेय, मला शिकवू नका. त्यानंतरच्या "आता"ला दोरी ताठ झाली.

चांगला मोठा ट्राउट होता, अंगावर तांबडे ठिपके असलेला. मामांनी तो जाळीत घेतला, काठाजवळच्या उथळ पाण्यात आले आणि चाचपून गळ सोडवला. मामी साडी वर खोचून, बूट काढून पाण्यात उतरल्या. मला वाटलं, निदान आज तरी त्या हा मासा घरी नेऊ म्हणतील. त्यांनी नुसते दोन्ही हात पुढे केले. मामांनी हात कसा ओला ठेवायचा, माशाचं तोंड प्रवाहाकडे कसं करायचं ते सांगितलं आणि मासा त्यांच्या हातात दिला. मामींनी तो पाण्यात धरला, मग बोटं सैल केली.

मासा गेला नाही. त्यांच्या ओंजळीतच कल्ले हलवत, दम घेत थांबला. संध्याकाळचं ऊन पाण्यावर तिरपं आलं होतं आणि वरून माश्या अजून उतरत होत्या. मामा मामींच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, तोंड नदीकडे, नजर जरा बाजूला.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मामी म्हणाल्या. "आहे अजून."

"मग हात काढू नकोस," मामा म्हणाले. "त्याची तयारी झाली की जाईल."

पाणी बर्फासारखं होतं. मामींचे पाय गारठले असणार, पण दोघंही हलले नाहीत.