दुसऱ्या खड्ड्यातला मका

आबा मक्याच्या कणसाचं पान जरासं सोलायचे आणि एका दाण्यात अंगठ्याचं नख रुतवायचे. पांढरा चीक उडाला की म्हणायचे, "दानामा दूध शे. आता कापा."

धुळ्याजवळच्या एका सरकारी शेतावर मी कारकून होतो आणि आबा चाऱ्याचे मुकादम. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात दाबायचा, वरून माती लिंपायची आणि उन्हाळ्यात गुरांना घालायचा, हा प्रकार तेव्हा नवा होता. गावकरी त्याला गुरांचं लोणचं म्हणून हसत. आबांना राग येत नसे. "लोनचंच शे," ते म्हणत. "हवा लागनी का गयं." बैलजोडी खड्ड्यात उतरवून ते थरावर थर तुडवून घेत, आणि जोडे काढून स्वतःही तुडवत.

त्या वर्षी पहिला खड्डा वेळेवर भरला. दुसऱ्याच्या वेळी शेताच्या साहेबांनी माझ्या तोंडी निरोप पाठवला: कणसं पिकू द्या, दाणा काढून घेऊ, मग मक्याची उरलेली ताटं खड्ड्यात घाला.

"ताटं वाळी जाई, भाऊ," आबा म्हणाले. "दाबाई जावाव नही."

मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, वरून काकवी आणि मीठ शिंपडा.

"काकवी टाकीसन वाळेल मका हिरवा व्हस का?" आबांनी एवढंच विचारलं. मग घागरीने काकवी शिंपडली आणि बैल दमले तरी तुडवत राहिले. त्यांच्या पायाखाली ताटं कुरकुरत होती. मलाही ऐकू येत होती.

वैशाखात पहिला खड्डा संपला. त्याच्या चाऱ्याला आंबूसगोड वास असे. दुसरा उघडला तर कुबट वाफ आली, आत पांढऱ्या बुरशीचे गठ्ठे. आबा सगळं फेकायला निघाले होते. साहेब म्हणाले, वरची बुरशी काढा आणि घाला. दुसरा चारा कुठे आहे? आठवड्यात तीन गाभण गाई गाभडल्या, चौथी मेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन आबा दुपारभर गोठ्यात बसले होते.

चौकशीला वरचे अधिकारी आले. "कापणीला उशीर कोणाच्या हुकमाने झाला?"

निरोप लेखी नव्हता. साहेब माझ्याकडे बघत होते आणि मी दौतीकडे. माझं नुकतंच लग्न झालं होतं, नोकरी कायम व्हायची होती. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"चूक मनी शे, मीच उशीर कया," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काम सोडून ते दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावी गेले. मी त्यांना निरोप द्यायला बाहेर आलो नाही.

तुम्ही म्हणाल, मग जाऊन भेटायचं. गेलो, सहा वर्षांनी. आबा आदल्या हिवाळ्यातच गेले होते. त्यांच्या पत्नीने मला ओसरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला. सरकारी शेत का सोडलं, ते आबांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं.

"तुम्ही तं तठेच व्हतात ना?" त्यांनी विचारलं. "काय झायं व्हतं?"

मी तांब्या खाली ठेवला.

"गाडीची वेळ झाली, अक्का," म्हणालो आणि उठलो. गाडीला अजून तीन तास होते.