टेकडीवर केलेला चहा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या ट्रेकिंग ग्रुपनं मले सांगितलं, "ताई, ओझं तुम्हाले झेपणार नाही. आता घरीच आराम करा."

म्हणून आज मी नणंदेसोबत दारव्ह्याजवळच्या टेकडीवर गेलती. पाठीवर हलका वॉटर फिल्टर अन् मुठीएवढा स्पिरिटचा स्टोव्ह होता. दोन्ही वापरून पाहायचे होते.

नाल्याचं गढूळ पाणी फिल्टरमधून नितळ आलं. स्टोव्ह मात्र वाऱ्यानं विझून राह्यला होता.

नणंद म्हणे, "वहिनी, राहू द्या. घरी जाऊन पिऊ चहा."

"इथंच पिऊ," मी म्हटलं. भोवती दगड रचले, पुन्हा पेटवला. चहा उकळला.

गुडघा दुखते, खोटं कायले बोलू? पण ग्रुपवाल्यांनो, पुढच्या ट्रेकले मी येऊन राह्यली. ज्याले माझ्यासोबत हळू चालणं झेपत नाही, त्यानं खुशाल घरी आराम करावा.